फ्रीजचं दार

शाळेच्या बाजूच्या दारातून बाहेर पडताना कॉरीनला आधी दिसली ती अक्षरं, आणि मग ज्याच्या मागच्या काचेवर ती होती तो बापाचा ट्रक. पांढरी, ठसठशीत, पाणसळ लावून बसवल्यासारखी सरळ अक्षरं. वेल्बी. खाली बारीक टायपात कॉलेज. मे महिन्याची पहिली तारीख होती, आणि त्या दिवशी शेवटच्या वर्गातल्या सगळ्यांनी आपापल्या ठरलेल्या कॉलेजचे शर्ट घालून यायचं अशी शाळेची रीत. सकाळपासून लाल, निळे, जांभळे शर्ट एकमेकांच्या गळ्यात पडत होते, फोटो काढत होते, आणि कॉरीन गोर्स्की आपला राखाडी स्वेटर घालून भिंतीकडेने हिंडत होती. कोणी विचारलंच तर म्हणत होती, शर्ट धुवायला टाकलाय. इतका वेळ जपलेलं ते न ठरलेलं ठरणं आता रस्त्याच्या कडेला उभं राहून सगळ्या शाळेला सांगत होतं. मागून कोणीतरी म्हणालं, "वेल्बी होय! मग दिवसभर लाजत काय होतीस?" तिला तोंडात मारल्यासारखं झालं. तोंडात मारल्याचा आवाज तिच्या चांगल्या ओळखीचा होता, म्हणून ती क्षणभर तशीच थांबली आणि मग ट्रककडे गेली.

बाप ट्रकला टेकून उभा होता. पहिली पाळी संपवून आलेला, अंगाला इंजिनांच्या कारखान्याचा तेलकट वास, नखांत काळं. तो कधी शाळेपाशी तिला न्यायला येत नसे. आज दाढी करून आला होता.

"स्टिकर कसा बसलाय? आत हवेचा एक फुगा सापडला तर सांग," तो म्हणाला.

"डॅड, मी अजून ठरवलेलं नाही."

"आज शेवटचा दिवस. तू ठरवेनास, म्हणून मी ठरवलं. कुणीतरी ठरवायला नको?"

"थॉर्नडाइकनेही घेतलंय मला."

"थॉर्नडाइक!" तो हसला. "दिवसभर गाडी हाकायची, डोंगर चढायचा, आणि पोचल्यावर बघायचं काय, तर गाई. बस गाडीत."

ती बसली. हा माणूस काल कामावरून सुटल्यावर तासभर गाडी हाकत वेल्बीला गेला असणार, तिथल्या दुकानात त्या नीटस पोरापोरींत आपले काळे हात खिशात लपवून उभा राहिला असणार, स्टिकर मागितला असणार, आणि मग अंगणात काच स्पिरिटने पुसून कडेकडेने एकेक फुगा बाहेर काढत बसला असणार. जगात त्याला दोन गोष्टी नीट जमत. कुठलीही वस्तू सरळ रेषेत बसवणं, आणि माणसाला मारणं. कॉरीनला रडू आलं आणि त्याच वेळी तिचे हात शिवशिवले. दोन्ही एकदम कसं होतं हे तिला कळेना, म्हणून तिने हात मांड्यांखाली घातले.

ट्रक तळ्याच्या काठाने चालला होता. ईरी नावाचं ते समुद्राएवढं तळं मे महिन्यातही गार वारा सोडतं, आणि बापाला खिडकी उघडी लागते. दोन्ही कॉलेजं लहान. इतकी लहान, की सगळी पोरं एका भोजनगृहात मावतात. दोन्ही ठिकाणी तत्त्वज्ञानापासून कुंभारकामापर्यंत सगळं शिकवतात. फक्त पोट भरायचं तेवढं शिकवत नाहीत, असं बापाचं म्हणणं. दोघांनी फीची सूटही सारखीच दिली होती, म्हणजे पैशाच्या माथी मारून मोकळं व्हायचीही सोय राहिली नाही. वेल्बी जवळ, थॉर्नडाइक लांब. लोक एवढ्यावर ठरवतात. कॉरीनचंही तसंच ठरलं असतं, एप्रिलमध्येच आणि उलट्या बाजूने, लांब म्हणूनच थॉर्नडाइक, जर ती थॉर्नडाइकच्या जमिनीवर एक रात्र झोपली नसती तर.

प्रवेश मिळालेल्यांना एप्रिलात ही कॉलेजं एका रात्रीसाठी बोलावतात. तिथल्याच कुणा विद्यार्थ्याच्या खोलीत, जमिनीवर, झोपायच्या पिशवीत शिरून झोपायचं, सकाळी त्यांच्यात बसून नाश्ता करायचा, आणि घरी जाऊन ठरवायचं. वेल्बीला तिची यजमानीण संध्याकाळीच कुठे नाचायला गेली ती परतली नाही. कॉरीन एकटीच झोपली, एकटीच उठली, दार ओढून घेऊन निघाली. थॉर्नडाइकला तिच्या वाट्याला इमोजेन आली. उंच, पायांत दोन रंगांचे मोजे, बोलण्याला खळ नाही. तिने कॉरीनला दुपारच्या एका वर्गात नेलं. लांब टेबलाभोवती मूठभर पोरं आणि खडूने कोट पांढरा झालेले एक म्हातारे प्राध्यापक एका जुन्या ग्रीक नाटकावर भांडत होते. मुलाने बापाला रस्त्यात ठार केलं, ते न ओळखता केलं की ओळखून, यावर. कॉरीन बोलणार नव्हती. पण ती म्हणाली, "न ओळखता केलं असेल, पण हात उचलायची घाई त्याच्याकडे आली कुठून?" म्हातारा म्हणाला, "हे मला इतक्या वर्षांत सुचलं नाही." तिला आयुष्यात कोणी असं म्हटलं नव्हतं. त्या संध्याकाळी डोंगरावर अजून बर्फ होतं, आणि इथेच यायचं, मेले तरी इथेच, असं मनाशी म्हणत ती इमोजेनच्या पलंगाखाली पाय घालून झोपली.

आता झाडूचं सांगायला हवं. गोर्स्कींच्या घरात झोपलेल्या माणसाला हात लावून कोणी उठवत नाही. बापाच्या खोलीच्या दाराशी लांब दांड्याचा एक झाडू वर्षानुवर्षं टेकलेला असे. उठवायचं झालं की आई उंबऱ्याशी उभी राहायची आणि दांड्याचं टोक त्याच्या पायाला लावायची. कारण बाप जागा व्हायचा तो आधी मुठींनी आणि मग डोळ्यांनी. आजोबांसाठी म्हणे छत्री असे. खाण तशी माती, असं म्हणून ते घर हसायचंसुद्धा. नाताळात काका-आत्या जमल्या की छत्रीच्या गोष्टी निघत, कोणाचा दात कधी पडला ते आठवून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत. कॉरीनला वाटे, सगळ्या घरांत दाराशी काहीतरी टेकलेलं असतं. आणि हे पुरुषांचं असतं असं वाटे. तिला स्वतःला कोणी हात लावून उठवलंच नव्हतं, मग तिला कळणार कसं?

इमोजेनला काय माहीत असणार. ती बिचारी तिच्याशेजारी गुडघ्यांवर बसली, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "ऊठ गं, नाश्त्याचे पॅनकेक संपतील." पुढचं कॉरीनला आवाजापासून आठवतं. ओला, बोथट, ओळखीचा आवाज. डोळे उघडले तेव्हा इमोजेन भिंतीशी बसलेली, हनुवटीवरून रक्त आणि तळहातावर दाताचा एक तुकडा. आणि कॉरीनच्या मुठीला बरं वाटत होतं. हे तिने कोणालाच सांगितलं नाही, स्वतःलाही फार वेळा नाही. बरं वाटत होतं. दिवसभर बंद बुटात राहिलेला पाय मोकळा व्हावा तसा तो हात मोकळा झाला होता. मग ती ओकली, तिने माफी मागितली, हे सगळं झालंच. पण आधी बरं वाटलं होतं, आणि तो क्रम तिला काही केल्या उलटा करता येत नव्हता.

इमोजेनने तोंडाला बर्फ लावला, आणि अशा तोंडाने ती हसलीसुद्धा. भोजनगृहात सगळे धावत आले. काय झालं, कसं झालं. इमोजेन कॉरीनकडे बघून डोळा मिचकावत म्हणाली, "काही नाही रे, दारावर आपटले." तिने ते मायेने म्हटलं, पाहुणीची अब्रू राखायला म्हटलं. कॉरीनच्या हातातला काटा खाली पडला. दार! आईचं वाक्य ते. फ्रीजचं दार, तळघराचं दार, गाडीचं दार. डॉक्टरकडे, चर्चमध्ये, शेजारच्या हेलन पेट्राककडे. घरात एवढी दारं होती की आईने एकाच दारावर कधी सगळा आळ येऊ दिला नाही, आळीपाळीने सगळ्यांची नावं घेतली. ते वाक्य शिकायला आईला लग्नाची सगळी वर्षं लागली. इमोजेनला एक रात्र पुरली.

"गप्प का?" ट्रक चालवता चालवता बाप म्हणाला.

"काही नाही."

"वेल्बीला गेलीस तर रविवारी जेवायला येशील. मॉमला बरं वाटेल." जरा वेळाने म्हणाला, "मलाही."

हे त्याने खरं म्हटलं होतं, हेच तर वाईट होतं.

घरी आई कोबी आणि बटर घालून नूडल परतत होती. डाव्या गालाच्या हाडावर गेल्या आठवड्याचा डाग आता पिवळा पडत चालला होता. बापाने तिला ट्रक दाखवायला बाहेर नेलं, तिने छान आहे म्हटलं, तो आत येऊन आरामखुर्चीत पडला आणि लगेच घोरायला लागला. टीव्हीवर बेसबॉल चालू राहिला. कॉरीन ओट्याला टेकून उभी राहिली. खिशात फोन होता, फोनमध्ये सकाळचा इमोजेनचा निरोप होता: नवा दात बसवला, आधीच्यापेक्षा सरळ आलाय, तू येतेस ना? तिने त्याला उत्तर दिलं नव्हतं. काय देणार? थॉर्नडाइकला जायचं तर चार वर्षं रोज त्या दातासमोर जेवायचं. वेल्बीत तिला कोणी ओळखत नव्हतं. तिथे ती स्वच्छ होती. कडी लावून झोपायचं, एकटीची खोली मागायची, जन्मभर कोणाला कळणार नाही. आणि हे इतकं उघडं स्वतःशीसुद्धा बोलायला नको, म्हणून तिच्याकडे एक फार चांगलं कारण तयार होतं.

"मॉम, मी वेल्बीच घेते," ती म्हणाली. "तुझ्यासाठी. मी जवळ असले की तो हात आवरतो."

आईने गॅस बारीक केला. "कोण म्हणालं?"

"मी मधे उभी राहायला लागल्यापासून माझ्यासमोर कधी..."

"तुझ्यासमोर नाही." आई नूडल हलवत राहिली. आरामखुर्चीकडे एकदा बघून तिने आवाज उतरवला. "तो साठवतो, कोरी. तू एप्रिलमध्ये दोनदा रात्रीची बाहेर होतीस, तेव्हा सगळं एकदम मिळालं. तू मधे उभी राहतेस त्याचं व्याज पण मलाच पडतं."

"हे तू मला कधी सांगितलं नाहीस."

"तुला बरं वाटायचं ना मधे उभं राहून? चेहऱ्यावर दिसायचं तुझ्या. मग कशाला सांगू?" आई तिच्याकडे न बघता म्हणाली, "कुठे जायचं तिथे जा. माझ्या नावावर नको जाऊस. मला आणखी कोणाचं ओझं नकोय."

तोंड दाबून बुक्क्यांचा मार खात आलेली ही बाई. तिने शांतपणे लेकीच्या हातातलं एकुलतं एक चांगलं कारण काढून घेतलं आणि ओट्यावर ठेवून दिलं. आता उरली नुसती लाज. आणि लाजेला कॉरीनच्या घरात एकच वाट माहीत होती, ती खांद्यातून निघून मुठीत उतरायची.

ती मागच्या दाराने अंगणात गेली. ट्रक उभा होता. वेल्बी, वेल्बी, सरळ, पांढरं, ठरलेलं. बर्फ खरवडायची प्लास्टिकची पट्टी सीटखाली पडलेली असते, ती घेऊन तिने पहिल्या अक्षराच्या कडेला लावली. स्टिकर काचेच्या आतून होता. ती आत चढली, सीटवर गुडघे टेकून खरवडायला लागली. बापाने चिकटवलेली वस्तू. नखाएवढीही सुटली नाही. पट्टी मोडली. नखं लावली तर एक उलटलं. आता कळ थेट कोपरापर्यंत गेली आणि त्या कळेबरोबर डोकं अगदी शांत झालं, थॉर्नडाइकच्या त्या पहाटेसारखं. सीटमागच्या अवजारांच्या पेटीतून तिने हातोडा काढला, खाली उतरली, मागे गेली, आणि मारला.

पहिल्या घावाला काच नुसती पांढरी झाली. दुसऱ्याला सगळी एकदम खाली आली, साखरेच्या ढिगासारखी, आणि मधोमध वेल्बी तेवढं स्टिकरला धरून लोंबत राहिलं. ती त्यालाही मारत सुटली. पत्र्याला मारलं, चौकटीला मारलं, दिव्याला मारलं. कोणीतरी ओरडत होतं, तो आवाज तिचाच होता. हातावर बारीक काचा बसून रक्ताचे ठिपके आले, आणि हाताला बरं वाटत होतं. या वेळी तिने ते ऐकलं, टाळलं नाही.

जाळीचं दार आपटलं. बाप झोपेतून थेट उठून आला होता, डोळे अजून मागेच कुठेतरी होते. त्याच्या मागे आई, हातात झाऱ्या तसाच. बापाने ट्रककडे बघितलं, कॉरीनकडे बघितलं, आणि वळला तो आईकडे. त्याचं नेहमीचंच ते. राग कोणावरचाही असो, वसूल तिथेच व्हायचा. "हे तू शिकवतेस तिला?" म्हणत त्याने तिच्या दंडाला धरलं. कॉरीन मधे शिरली. हातोडा खांद्याच्या वर गेला होता. बापाने आईचा दंड सोडला आणि एक पाऊल मागे घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा तिने त्याला मागे सरताना पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर भीती होती, आणि शपथेवर सांगता आलं असतं तिला, भीतीखाली थोडं कौतुकही होतं. आपलंच काहीतरी सरळ बसलेलं बघावं, तसं तो तिच्या वर गेलेल्या हाताकडे बघत होता.

मग ती आईकडे वळली, बघ, म्हणायला. हातोडा अजून वरच होता.

आईने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं होतं. मान खांद्यात, कोपर बाहेर, एक गुडघा किंचित वर. सरावाने बसलेली ती अंगाची घडी कॉरीनने दाराआडून किती वेळा पाहिली असेल. बाप आईच्या बाजूला होता, दोन पावलांवर. आई वळली होती ती कॉरीनकडे.

हातोडा खाली ठेवायला फार वेळ लागला. बोटं एकेक करून उघडावी लागली. बाप आत गेला, आणि बेसबॉलचा आवाज मोठा झाला. आई थोड्या वेळाने घरातून झाडू घेऊन आली. दाराशी टेकलेला तोच. त्याने आजवर कधी काही झाडलं नव्हतं, त्याचे केस अजून नव्यासारखे ताठ होते. आई काचा झाडायला लागली आणि कॉरीन सुपडी धरून तिच्यासमोर उकिडवी बसली.

"मॉम, मी तुला मारलं नसतं."

आई झाडत राहिली. "तोही पहिल्या वर्षी असंच म्हणायचा," ती म्हणाली. रागाने नाही. तिच्या आवाजात फक्त माहिती होती.

कॉरीनने मान हलवली. रडावंसं वाटत होतं, पण रडल्यावर आई जवळ घेईल आणि मग सगळं गोड होऊन जाईल, असं तिला वाटलं, म्हणून ती रडली नाही. त्या बाईला दोघांकडून मार चुकवायचा होता, आणि दोघांपैकी एकीला तर निघून जाणं जमत होतं. पण नुसतं निघायचं तर वेल्बीही चालेल. कडी लावून, एकटीची खोली घेऊन, दुसऱ्या कोणी खांद्यावर हात ठेवेपर्यंत. थॉर्नडाइकला एक माणूस होतं, ज्याने तिचा हात पाहिला होता, त्याची चव घेतली होती, आणि तरी येतेस ना म्हणून विचारलं होतं. त्याच्यासमोर रोज जेवायचं. आणि पहिल्या दिवशी, त्या भोजनगृहात, सगळ्यांदेखत सांगायचं की दार नव्हतं.

"थॉर्नडाइक," ती म्हणाली.

"लांब आहे."

"हो."

"बरं," आई म्हणाली. चौकटीतून लोंबणारं वेल्बी तिने स्टिकरला धरून अलगद ओढून काढलं, काचेच्या खड्यांसकट, आणि कचऱ्याच्या डब्यात घातलं.

कुंपणापलीकडे हेलन पेट्राक येऊन उभी होती. हातात कपड्यांची टोपली, पण दोरीवर एकही कपडा नव्हता. म्हातारी बराच वेळ तिथे असावी.

"लोरेन? काय गं झालं? केवढा आवाज आला."

"काही नाही हेलन," आईचं उत्तर नेहमीसारखं तयारच होतं. "गवत कापताना मशीनमधून खडा उडाला."

अंगणात गवत घोट्यापर्यंत वाढलं होतं. हेलनने ते बघितलं. ती कधीच काही बोलत नसे.

"मी फोडली," कॉरीन म्हणाली. सुपडी हातात धरूनच उभी राहिली. "हातोड्याने. मीच फोडली, मिसेस पेट्राक."

हेलनने टोपली खाली ठेवली. आत टीव्हीवर कोणीतरी चेंडू टोलवला होता, लोक ओरडत होते. आई झाडूवर दोन्ही हात ठेवून जराशी वाकून उभी होती, आणि लेकीकडे अशी बघत होती जणू ही पोर एकदम परक्या भाषेत बोलली आणि तरी आपल्याला समजलं. मग तिने एक हात सोडवून गालाच्या पिवळ्या डागावर ठेवला. तिला ओरडायची सवय नव्हती. पण जाळीच्या दारातून आत बसलेल्या माणसाला ऐकू जाईल इतका आवाज तिने कुठूनतरी काढला.

"हेलन," ती म्हणाली, "हे फ्रीजचं दार नव्हतं."

आत बेसबॉलचा आवाज बंद झाला. आई जागची हलली नाही.